सात घरचा नागनाथ

पालम,
१९ नोव्हेंबर १९८८

बन्सीधर,

अक्काचा आशीर्वाद आहेच, पण या खेपेला तो रागासकट घे.

तुझं कार्ड काल मिळालं. पोस्टमननं ते आधी स्वतः वाचलं, मग माझ्या दिराला वाचून दाखवलं आणि मग मला दिलं. त्यामुळे माझ्या भावाचा, रामकिशनचा नागनाथ परभणी स्टेशनात दोन टवाळ पोरांबरोबर एका प्रवाशाची पिशवी पळवताना सापडला आणि आता रिमांड होममध्ये आहे, हे निम्म्या पालमला माझ्या आधी कळलं. पुढच्या वेळी पाकीट वापर. मावसबहिणीसाठी एवढा खर्च तुझ्या सरकारी पगारात बसेल.

पण राग त्याचा नाही. तुझ्या शेवटच्या ओळींचा आहे. 'आईवडील हंगामभर बाहेर, घरी फक्त थकलेली आजी, सबब मुलास मोठा होईपर्यंत संस्थेत ठेवणे हिताचे, असे माझे मत आहे.' तू पोरांच्या कोर्टाचा परिवीक्षा अधिकारी झालास, कोर्टातले साहेब तुझ्या मतावर मान डोलावतात, आनंद आहे. पण हे 'सबब' लिहिताना तुला झुंबरचा चेहरा आठवला नाही का? तुझ्या हळदीला सगळ्यांत आधी हजर होती ती बाई. तिचं चौदा वर्षांचं पोर तिला न विचारता सरकारजमा करायचं?

रामकिशन आणि झुंबर दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्याला गेले ते काही हौसेनं नाही. कोरडवाहू तुकड्यात वर्ष निघत नाही. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात. एकट्या गड्याला मुकादम अर्धा कोयता म्हणतो आणि परत पाठवतो. मला हे कुणी शिकवायला नको. माझा नवरा उसाच्या गाडीखाली गेला, तेव्हापासून मी फडाकडे ढुंकून पाहिलेलं नाही.

येत्या तारखेला मी परभणीला येते. नागनाथला माझ्या ताब्यात दे. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, शिलाईचं मशीन आहे आणि तोंड आहे. एका पोराला सांभाळायला एवढं पुरतं.

अक्का


परभणी,
३ डिसेंबर १९८८

गोजरअक्का,

नमस्कार. या वेळी पाकीट वापरले आहे, हे ध्यानात यावे.

त्या दिवशी कोर्टात तू जे बोललीस त्यावर साहेब हसले, हे तू पाहिलेस. पण नंतर मला आत बोलावून ते काय म्हणाले हे तुला ठाऊक नाही. 'बन्सीधर, बाई खंबीर आहे, पण मुलगा तिच्याकडे एकदासुद्धा बघत नव्हता.' मुलगा नात्यातला आहे हे मी त्यांना आधीच सांगून टाकले होते, त्यामुळे निर्णय त्यांनीच घेतला. नागनाथ तूर्त तुझ्याकडे राहील. शाळेत जाईल. फेब्रुवारीत पुढची तारीख. तोवर पुन्हा स्टेशनावर सापडला किंवा घरातून पळाला, तर संस्था. तिथून लवकर सुटका होत नाही.

तू मला कठोर समजतेस. अक्का, या नोकरीत मी इतकी पोरं घरी पाठवली आणि तीच पुन्हा उपाशी, मार खाल्लेली परत आलेली पाहिली. संस्थेत दोन वेळचे जेवण असते, सुतारकाम शिकवतात. घरी कुणी वाट पाहणारे नसेल, तर घर घर म्हणून काय करायचे? माझे मत अजून बदललेले नाही. तुझ्यापुढे फक्त गप्प बसलो.

त्याला कशाची आवड आहे ते कळले तर कळव. मी विचारले तेव्हा तो छताकडे बघत होता.

बन्सीधर


पालम,
१७ डिसेंबर १९८८

बन्सी,

आधी वाईट बातमी सांगते, म्हणजे चांगलीवर तुझं लक्ष राहील. नागनाथ माझ्याकडून गेला. पळाला नाही, एसटीत बसून सरळ आपल्या गावी, आजीकडे गेला. मी त्याला मशीनवर बसवलं होतं, काजं करायला शिकवत होते. हात चांगला आहे. पण माझ्या दिराची जीभ तुला माहीत आहे. भुजंगराव रोज जेवताना म्हणायचे, 'वहिनी, पोलिसांचा जावई जेवला का?' एक दिवस पोरानं ताट तसंच ठेवलं आणि निघालं.

मी मागोमाग गावी गेले. आमच्या आईला, धुरपताबाईला, धड दिसत नाही, चूल पेटवताना पदर पेटायची भीती. ती या पोराला काय करून घालणार? शाळा चुकते ती पोटामुळे, आणि पोट रिकामं की पाय चुडाव्याच्या स्टेशनाकडे. गावापासून कोसभर तर आहे. मग मी एक जुनी गोष्ट उकरून काढली. निजामाच्या राज्यात शिकणारी पोरं वार लावून जेवायची, ऐकलंयस ना? रोज एका घरी. गावातल्या आबासाहेबांचे वडील ताडकळसला असेच शिकले, हे आबासाहेब स्वतःच चावडीवर सांगत असतात. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हटलं, 'आबासाहेब, तुमच्या वडलांचं जेवण फेडायची वेळ आलीया.' सोमवार त्यांनी घेतला. मग काय, एकानं घेतला म्हटल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? चंद्रभाननं मंगळवार घेतला, शेजारच्या कमलबाईनं शनिवार. संध्याकाळपर्यंत आठवडा भरला.

आता तूच सांग, सात घरं ज्याच्या पाठीशी आहेत, त्याला संस्थेत टाकायचं कारण काय? तुझ्या रिपोर्टात हे ठळक अक्षरात लिही. लेकरू आईबापाचं असतं तसं गावाचंही असतं, असं साहेबाला म्हणावं.

अक्का


परभणी,
३० डिसेंबर १९८८

गोजरअक्का,

नमस्कार. मंगळवारी गावी जाऊन आलो. तुझ्या मोहिमेपुढे हात टेकले.

नागनाथ शाळेत हजर होता. अंगावर धुतलेला सदरा होता. चंद्रभानच्या घरी दुपारी त्याच्याबरोबर मीही जेवलो. भाकरी, वरण आणि ठेचा. घरातली सगळी माणसे त्याच्याशी चांगली वागली. चंद्रभानने तर मला तीनदा सांगितले, 'सायब, आमच्या घरात तो आमच्या लेकरावानीच हाय.' शेजारच्या मास्तरांनीही बरे मत दिले. मी रिपोर्टात लिहिले आहे की नातेवाईक आणि ग्रामस्थ यांचा आधार समाधानकारक आहे. साहेबांनाही कल्पना आवडली. 'इतर गावांनाही सांगा,' म्हणाले.

एक गोष्ट मात्र लिहिली नाही, तुला सांगतो. निघताना मी नागनाथला विचारले, 'बरं चाललंय ना?' तो म्हणाला, 'जेवायला मिळायलंय.' मी हसून पाठ थोपटली. एसटीत बसल्यावर वाटले की मी विचारले एक आणि त्याने सांगितले दुसरेच. पण असेल माझ्या मनाचा खेळ. या पोरांना गोड बोलायची सवय नसते.

तुझा आनंद वाजवी आहे. माझे मत थोडे सैल झाले आहे, हेही कबूल करतो.

बन्सीधर


पालम,
११ जानेवारी १९८९

बन्सीधर,

नागनाथ गेला. शनिवारी येळवस होती, सगळा गाव शेतात पूजेला गेलेला, त्या दिवशीच. चार दिवस झाले, पत्ता नाही. चुडाव्याच्या स्टेशनातल्या चहावाल्यानं त्याला परभणीकडच्या गाडीत चढताना पाहिलं म्हणतो.

आईचा हात मोडलाय. मनगटापाशी. न्हाणीत घसरून पडले म्हणते. तिची ही अवस्था आणि हा त्याच दिवशी तिला तशी टाकून निघून गेला. शेजारच्या कमलबाईनं संध्याकाळी शेतातून आल्यावर तिला कण्हताना ऐकलं, तेव्हा गाडी जुंपून दवाखान्यात नेलं.

सात घरांचं अन्न खाऊन हे फेडलं त्यानं. आबासाहेब मला म्हणाले, 'गोजरबाई, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.' मी उलट बोलले नाही. मी, आणि उलट बोलले नाही.

तुझंच खरं होतं. सापडला तर संस्थेत टाक. सुतारकाम शिकेल. मी थकले. झुंबरला काय सांगायचं ते तूच लिही, मला तोंड नाही.

अक्का


परभणी,
१८ जानेवारी १९८९

अक्का,

सापडला. मनमाड स्टेशनच्या पोलिसांनी फोन केला, मी स्वतः जाऊन घेऊन आलो. अंगात ताप होता. येताना गाडीत खिडकीजवळ बसवले, केळी दिली आणि ठरवले की आज काही विचारायचे नाही. कदाचित म्हणूनच तो बोलला. बोलला तसे लिहितो.

'काका, येळवशीला सगळा गाव आपापल्या शेतात जेवायला गेला. कमलकाकू म्हनल्या, आज सन हाय, आबासायबाच्या गाडीत जा. आबासायबाच्या घरचे म्हनले, शनवार कमलबाईचा हाय, तितं जा. मी पारावर बसलो. गाड्या गेल्या. मग आजीला म्हनलं, आपल्या शेतात जाऊ, तुला पाठीवर नेतो. आपल्या शेतात पूजा कोन करनार? आजी म्हनली, तुज्या मायला पोरापरीस ऊस गोड लागायलाय, तू कशाला शेताचा पुळका करतूस. म्या ढकललं. मारायचं नव्हतं.'

म्हणजे तुझी आई घसरली नव्हती, अक्का. तिने नातवाला वाचवायला सांगितले ते.

मी विचारले, सात घरे चांगली वागत होती ना? तो म्हणाला, 'वाईट कोनी न्हाई. पर मी जेवायला बसलो की कोनीतरी उठून आतल्या खोलीला कडी लावायचं. रोज येगळं घर, रोज कडी.' चंद्रभानकडे मी शेजारी बसून जेवलो. कडीचा आवाज मलाही आला असणार. मी ठेच्याची तारीफ करत होतो.

आणि तो जात कुठे होता हे आपण दोघांनी एकदाही विचारले नाही. पहिल्या वेळीही, या वेळीही तो एकाच ठिकाणी निघाला होता. कारखान्याला. आईकडे. पिशवीवाल्या पोरांनी तिकडची गाडी दाखवतो म्हणून त्याला पिशवी धरायला लावली. ट्रक निघताना लेकरू रडले तर हंगाम वाईट जातो म्हणून टोळीची माणसे लेकरांना झोपेत सोडून जातात, हे तुला माहीत असेल. मला माहीत नव्हते. नागनाथ उठला तेव्हा अंथरुणात एकटाच होता. 

माझे मत मी मागे घेतले आहे. पण साहेब २० फेब्रुवारीला एकच गोष्ट विचारणार: घरी कोण? याचे खरे उत्तर झुंबर आहे. ती आली की रामकिशनचा कोयता मोडतो आणि मुकादम तिला सोडणार नाही. तोवर पोरगा पुन्हा रिमांड होममध्ये आहे. मला काही सुचत नाही. तुला सुचत असेल तर रागावून का होईना, पण लिही.

बन्सीधर


कारखान्याचा तळ,
६ फेब्रुवारी १९८९

बन्सी,

पत्ता वाचून दचकू नको. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मशीनवर चादर टाकली, लग्नसराईची ब्लाउजं कापडासकट बायकांना परत केली आणि निघाले. दिराला सांगितलं, आता पोलिसांचा जावई नाही, त्याची आत्याच चाललीय.

इथं उसाच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या आहेत, एकीला लागून एक. मी पोचले तेव्हा झुंबर मोळ्या बांधत होती. मी सगळं सांगितलं. येळवस, पार, कडी. तिनं हातातली मोळी खाली टाकली. मग म्हणाली, 'वन्सं, मला वाटलं पोट भरायलंय लेकराचं.' मीही तेच समजत होते, असं मी म्हणाले. दोघी तिथंच बसून रडलो. फडात रडणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही, तेवढी एक सोय आहे.

मी म्हटलं, तू जा, तुझा कोयता मी धरते. झुंबर काही बोलायच्या आत रामकिशन उसळला. 'भाऊबीजेला जिला लुगडं नेसवायचं, त्या भनीच्या डोक्यावर म्या मोळी देऊ? गाव थुकंल माझ्या तोंडावर.' जेवला नाही. बहिणीकडून काम करून घेणारा भाऊ म्हणजे आपल्याकडे मेलेलाच. मला ते कळतं. मी म्हटलं, 'गावानं तुझ्या पोराला पारावर बसवून ठेवलं, त्या गावाच्या थुंकीला भितोस?' हे जास्त झालं, पण त्याशिवाय तो हलला नसता.

मुकादम राधाकिशन मला वरून खालपर्यंत बघून म्हणाला, 'बाई, कवा धरला होता कोयता?' मी म्हटलं, 'तुझ्या मिशा फुटायच्या आधी.' हसला, आणि नाव घातलं. झुंबर दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. तिला गाडीत बसवून दिलंय. तिला कोर्टाची भाषा कळत नाही, तू तिच्या बाजूला उभा राहा.

माझ्या हातांविषयी विचारू नको. फड पाहिल्यावर पहिले दोन दिवस नवराच दिसत होता सगळीकडे. आता फक्त ऊस दिसतो.

अक्का


परभणी,
२२ फेब्रुवारी १९८९

अक्का,

तुझ्या पायावर डोके ठेवतो, मग लिहितो.

झुंबरवहिनीला रिमांड होममध्ये नेले. नागनाथ भिंतीला टेकून बसला होता. आईला पाहून उठला नाही. ती समोर बसली. तो तिच्या हातांवरच्या चिरा बघत होता. मग बोलला. 'कवा आलीस' असे विचारले नाही. 'कवा जानार?' असे विचारले.  वहिनीने त्याचे डोके छातीशी धरले आणि एवढा मोठा मुलगा हमसून हमसून रडला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

तारखेला धुरपतामावशी हाताला प्लास्टर घेऊन हजर. तिला कुणी बोलावले नव्हते. साहेबांनी विचारले, हाताला काय झाले? 'न्हाणीत घसरले, माय-बाप.' साहेब पुढचा कागद बघणार, तेवढ्यात नागनाथ म्हणाला, 'न्हाई सायब. म्या ढकललं.'  मावशी त्याच्या अंगावर ओरडली, 'गप रं, मेल्या!' साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, 'पिशवीच्या वेळी का नाही बोललास खरं?' तो म्हणाला, 'तवा आई न्हवती.'

मुलगा आईच्या ताब्यात. महिन्यातून एकदा मी गावी जाऊन पाहायचे. संस्था नाही. अक्का, तू जिंकलीस.

आता ज्यासाठी हे पत्र तीन वेळा अर्धे टाकले, ते लिहितो. त्यांना एसटीत बसवायला गेलो होतो. वहिनी आणि मावशी आत चढल्या. नागनाथ खालीच थांबला आणि हळूच विचारले, 'काका, पुढल्या दसऱ्याला कोन जानार?' साहेबांनी हे विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते. सरकारी माणसाला 'कळवतो' म्हणायची सवय असते, ते मी म्हणालो. तो मान हलवून चढला. पुढच्या महिन्यात त्याला भेटायचे आहे. काय कळवू?

बन्सीधर


कारखान्याचा तळ,
९ मार्च १९८९

बन्सी,

अक्षर ओळखलं नाहीस ना? रामकिशनचं आहे. मी सांगते, तो लिहितो. माझ्या हाताला आज सवड नाही. चौथीनंतर पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा वेलांट्यांकडे बघू नको.

एवढ्याशा प्रश्नाला तू घाबरलास? त्याला सांग, आत्या जाणार. पुढच्या दसऱ्याला आत्या आणि त्याच्या पुढच्यालाही आत्याच. मला इथं मुळीच त्रास नाही. हवा चांगली आहे, भूक लागते, मुकादम वचकून असतो. झुंबरनं घरी राहायचं आणि त्यानं शाळेत. असं छातीठोक सांग, कळवतो-बिळवतो म्हणू नको.

आईला म्हणावं, प्लास्टर निघालं की पोराच्या हातून शेतात नारळ फोडून घे.

अक्का

बन्सीदादा, आक्का पट्टी बदलायला गेली तवर हे माझं मी लिवायलोय. ट्रक भरताना दोराखाली आक्काच्या उजव्या हाताची दोन बोटं सापडली. लिवू नको म्हनली, म्हनून वर लिवलं न्हाई. मशीन आता चालंल का न्हाई, डागदर सांगंना. आक्का जाईल असं नागनाथला सांगू नका. तिला मी आता फडात उतरू देनार न्हाई. पुढल्या दसऱ्याला कोन जाईल ते मलाच ठावं न्हाई, हेच त्याला सांगा. जायचंच झालं तर ह्या बारीवानी झोपेत टाकून जानार न्हाई. त्याला उठवीन, म्होरं बसवून इचारीन. रडला तर रडू दे, हंगाम बुडला तर बुडू दे. लय रडला तर जानार न्हाई.

रामकिशन